२७ गेजवाल्याकडेच जा? पडद्याच्या ऑपरेशनवरून

ओटीताई, सांगली
काल इथे एका दादांनी लिहिलं, "डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन करायचं तर २७ गेजवालाच डॉक्टर शोधा, २३ वापरणारे जुनाट." खाली अंगठ्यांची ही रांग. मला गप्प बसवेना. मी पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, ऑपरेशन थिएटरात ट्रे लावते, ही हत्यारं रोज माझ्या हातातून जातात.

गेज म्हणजे डोळ्यात घालायच्या नळीच्या जाडीचं माप. आकडा वाढला की नळी बारीक होते. २० म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, २३ म्हणजे ०.६, २५ म्हणजे ०.५ आणि २७ म्हणजे ०.४. २० ला टाके लागायचे. फुजी आणि डी हुआन या डॉक्टरांनी २००२ मध्ये बिनटाक्याचं २५ आणलं, आणि एकार्ट यांचं २३ आलं २००५ मध्ये. म्हणजे २३ हे २५ च्या नंतरचं! सुरुवातीची २५ ची हत्यारं डोळ्यात वाकायची, उजेड कमी पडायचा, म्हणून डॉक्टर मंडळी एक पायरी जाड झाली. २७ आलं २०१० च्या सुमारास. मग जुनाट कोण?

आता काम बघा. पडदा सरकलेल्या डोळ्यात कधी सिलिकॉन तेल भरावं लागतं. बारीक नळीतून काकवी ढकलून बघा, म्हणजे कळेल. मोतीबिंदूचा कडक तुकडा मागे पडला असेल तर बारीक कटर, म्हणजे कापून ओढून घेणारं हत्यार, तो नुसता चघळत बसतो, मोठं छिद्र घ्यावंच लागतं. आणि शेवटी कॅन्युला, म्हणजे छिद्रातली नळी, काढल्यावर डॉक्टर कापसाच्या काडीने जागा दाबून धरतात, पाणी झिरपतंय का ते बघतात. झिरपलं तर २७ लासुद्धा टाका पडतो. त्या अर्ध्या मिनिटात घाई न करणारा डॉक्टर शोधा, गेज राहू द्या.

अजिंक्यतारा
तो मजकूर माझाच. ताई, तुमचा अनुभव मोठा, पण पेशंटच्या बाजूनेही बघा की. माझ्या चुलत्यांचं २० गेजने झालं होतं. डोळा लालभडक, टाके टोचायचे, पापणी मिटवत नव्हती. आईचं पुण्यात २७ ने झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तर डोळा पांढरा स्वच्छ. आणि मधुमेहाच्या पडद्यावरचे पापुद्रे सोलायला २७ च सोयीचं, कटरचं तोंड अगदी टोकाला असतं, पडद्याच्या जवळ जाता येतं. हे आम्हाला तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं. आम्ही विचारायचं सुद्धा नाही का?

ओटीताई, सांगली
विचारा, जरूर विचारा. पापुद्र्यांचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, मान्य. पण तुम्ही तुलना २० शी केलीत, आणि नावं ठेवलीत २३ ला. ०.६ आणि ०.४ मधला फरक महिन्याभरानंतर पेशंटला जाणवतही नाही.

हळदीचं पेव
गेज, गेज काय लावलंय? माझ्या वडिलांच्या साखरेच्या गोळ्या कित्येक वर्षं चालू होत्या. बाहुली मोठी करून पडदा तपासा, असं एकाही डॉक्टरने सांगितलं नाही. चष्म्याचा नंबर मात्र दरवेळी बदलून मिळायचा. डोळ्यात रक्त उतरलं तेव्हा घरच्यांना कळलं. साखर असेल तर वर्षातून एकदा पडदा दाखवायचाच, हे गावोगाव ओरडून सांगा आधी.

वाईकर
आणि गॅसचं कोण सांगणार? पडद्याच्या ऑपरेशनमध्ये पडदा जागेवर दाबून धरायला सासऱ्यांच्या डोळ्यात गॅस भरला होता. पालथं झोपा, मान खाली ठेवा, एवढंच सांगून घरी धाडलं. लग्नाला म्हणून पसरणी घाट चढून पाचगणीला गेलो. वरच्या वळणांवरच त्यांनी डोळा धरला, उलट्या सुरू. लग्न राहिलं बाजूला, रात्रीच खाली उतरलो.

मिरज जंक्शन
घाटाने काही होत नाही हो. विमानात बसायचं नाही, एवढंच पथ्य. माझा भाऊ गॅस भरून पुण्याहून कात्रज, खंबाटकी करत आला, ठणठणीत आहे. उगाच घबराट पसरवू नका.

वाईकर
घबराट? तुमच्या भावाला नाही झालं म्हणून माझ्या सासऱ्यांचा ठणका खोटा? तुम्ही होता का गाडीत?

ओटीताई, सांगली
मिरजकर दादा, हे लिहिलेलं काढा, कुणीतरी वाचून घाट चढेल. वर जाल तशी बाहेरची हवा विरळ होते आणि डोळ्यातला बुडबुडा फुगतो. गच्च भरलेल्या डोळ्यात फुगायला जागा नसते, दाब चढतो, डोळ्याच्या नसेचं रक्त थांबू शकतं. सातारा सातशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशे. तुमच्या भावाचा बुडबुडा तेव्हा लहान असेल, शिवाय खंबाटकी लगेच उतरते. आणखी एक, गॅस असताना दुसरं कुठलं ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्याला आधी सांगायचं. भुलेच्या नायट्रस ऑक्साइड वायूनेही बुडबुडा फुगतो.

मिरज जंक्शन
बरं, काढतो. पण कागदावर कुठेच लिहून देत नाहीत, मग माणसाने समजायचं कसं? माझा राग त्याचा आहे.

अजिंक्यतारा
गेजवरून कुठे आलो आपण! ठीक, "जुनाट" शब्द मागे घेतो. २७ मिळत असेल तर मी आईसाठी पुन्हा तेच निवडीन, त्यात बदल नाही. पण त्या डॉक्टरांनी आम्हाला गॅसचं सगळं नीट समजावलं होतं, हे आता आठवतंय.

केळघरच्या वर
आमचं घरच महाबळेश्वर तालुक्यात. दाजींचा पडदा सरकलाय, पुढच्या आठवड्यात साताऱ्यात ऑपरेशन. परत केळघर घाट चढूनच यायचं. मग काय करायचं?

ओटीताई, सांगली
आधी उद्याच फोन करून विचारा, आठवडा थांबायचं का. मधली नजर अजून शाबूत असेल तर दिवस मोलाचे असतात. आणि घर किती उंचावर आहे ते भरतीच्या वेळीच सांगा. डोळ्यात भरलेला गॅस एसएफसिक्स असेल तर साधारण दोन आठवडे, सीथ्रीएफएट असेल तर सहा ते आठ आठवडे खालीच राहावं लागेल. साताऱ्यात कुणी नातेवाईक आहेत का? नसतील तर तेही बोला, डॉक्टर गॅसऐवजी तेल भरायचा विचार करू शकतात. तेल उंचीवर फुगत नाही, पण ते काढायला पुढे दुसरं ऑपरेशन लागतं.

केळघरच्या वर
बहीण गोडोलीत असते. तिच्याकडे ठेवतो. फोन आत्ताच लावतो.