खांदा आखडल्यावर व्यायाम थांबवावा का?

प्रश्न : माझ्या आईचे वय ५४ असून तिला मधुमेह आहे. चार महिन्यांपासून उजवा खांदा आखडल्यामुळे तिला वेणी घालता येत नाही आणि रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डरचे निदान केले आहे. व्यायामाने दुखणे वाढते. तो थांबवावा का?

उत्तर १ : पूर्ण थांबवू नये, मात्र जोरही करू नये. या विकारात सांध्याभोवतीचे आवरण सुजून जाड होते व आकसते, त्यामुळे वेदनेच्या पहिल्या टप्प्यात हात ओढून ताणल्यास त्रास वाढतो. तेव्हा पुढे वाकून हात लंबकासारखा सैल झुलवावा; ताण देणारे व्यायाम वेदना ओसरून केवळ आखडलेपणा उरल्यावर, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली वाढवावेत. घरच्यांनी हौसेने हात ओढणे तर टाळावेच.

उत्तर २ : कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर वळवणे माझे सर्वांत आधी गेले आणि सर्वांत शेवटी परत आले. शेकानंतर काठीचे व्यायाम, भिंतीवर बोटे चढवणे. चौदा महिने लागले.

उत्तर ३ : मधुमेहींना हा विकार अधिक होतो. सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतल्यास काही दिवस साखर वाढू शकते, म्हणून आधी डॉक्टरांशी बोलावे.