बाबाथा नावाच्या ज्यू बाईला नेमका कुठला कायदा लागू होता?

पंचगंगाकाठ:
मंडळी, इतिहास आणि कायदा दोन्हींत रस असणारं कुणी असेल तर जरा मदत करा. आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सापडलेली ती पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आहे ना, तिच्यावरनं मी रोमन काळाबद्दल वाचायला लागलो आणि वाचता वाचता मृत समुद्राकाठच्या बाबाथापर्यंत पोचलो, आणि आता ही बाई डोक्यातनं जाईना झालीय. 1961 साली इस्रायली पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादिन यांच्या टीमला मृत समुद्राजवळच्या नहल हेव्हर या दरीतल्या गुहेत हिची कागदपत्रं मिळाली, पस्तीसेक कागद, सन 94 च्या आसपासपासून 132 पर्यंतचे, काही नबातियन भाषेत (नबातियन म्हणजे पेत्रा राजधानी असलेलं तिथलं अरब राज्य), थोडे ज्यू अरामीत आणि बहुतेक ग्रीकमध्ये. 132 ला रोमनांविरुद्ध बार कोखबा या ज्यू पुढाऱ्याचं बंड झालं, तेव्हा जीव वाचवायला लोक या गुहांत लपले आणि ही आपली सगळी दप्तरं बरोबर घेऊन गेली होती.

माझी अडचण अशी. बाई ज्यू, गाव माहोझा, मृत समुद्राच्या दक्षिण टोकाला झोअरजवळ. जन्मली तेव्हा तिथं नबातियन राजा, 106 साली सम्राट ट्राजाननं ते राज्य खालसा केलं आणि अरेबिया नावाचा रोमन प्रांत केला. हिच्या स्वतःच्या दुसऱ्या लग्नाचा करार अरामीत, मोशेच्या आणि यहुदी लोकांच्या कायद्याप्रमाणं. सावत्र मुलीचं लग्न 128 साली, तो करार ग्रीकमध्ये, ग्रीक रीतीप्रमाणं. पहिल्या नवऱ्यापासूनच्या मुलाचे पालनकर्ते पेत्राच्या नगर कौन्सिलनं नेमले. आणि दावा लावला रोमन गव्हर्नरपुढं. आम्हाला लॉला पहिलं हेच शिकवतात की लागू कायदा कुठला ते आधी ठरवा, मग पुढं जा. इथं ते ठरतच नाही. तुम्ही कसं बघता?

दस्तलेखक_भवानी_मंडप:
भावा, तू कायद्यापासनं सुरुवात केलीस, मी सगळं आयुष्य दस्त लिहिण्यात घालवलंय म्हणून मला आधी कागद दिसतो. हे दस्त कसे केलेत ते बघ म्हणजे निम्मं कोडं सुटेल. त्यातले बरेचसे दुहेरी दस्त आहेत. म्हणजे एकाच कागदावर तोच मजकूर दोनदा लिहायचा, वरचा भाग गुंडाळून दोऱ्यानं बांधून बंद करायचा आणि खालचा उघडा ठेवायचा, रोजच्या वापरात उघडा वाचायचा आणि पुढं कुणी म्हणालं की खाडाखोड केलीय तर दोरा सोडून आतला काढायचा. मागच्या बाजूला प्रत्येक गाठीशी साक्षीदाराची सही. आणि या सह्याच मला सगळ्यात मोलाच्या वाटतात, कारण पुढचा मजकूर ग्रीक असला तरी मागं माणसं आपापल्या लिपीत सही करतात, कुणी अरामीत, कुणी नबातियनमध्ये, कुणी ग्रीकमध्ये. एकाच बागेचे शेजारी, एकाच दस्ताला साक्ष, आणि लिप्या तीन.

तारीख कशी घालतात तेही बघ. रोममधल्या दोन कॉन्सलांची, म्हणजे त्या वर्षीच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांची नावं, सम्राटाच्या राज्याचं वर्ष, नवीन प्रांत झाल्यापासूनचं वर्ष आणि वर मॅसिडोनियन महिना. खालची चतुःसीमा मात्र पक्की गावातली, पूर्वेला अमक्याची बाग, पश्चिमेला तमक्याची. बागेचं क्षेत्र सांगायचं तर त्यात किती जव पेरता येईल त्या मापानं. पाण्याची पाळीसुद्धा लिहिलेली असते, कुठल्या वारी किती वेळ. हे काही रोमहून आलेलं नाही, हे खजुराच्या बागा करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ठरवलेलं.

आणि एक बारीक गोष्ट, जी वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. बाबाथाच्या बापानं नबातियन काळात जी बाग घेतली तिच्या चतुःसीमेत राजा रब्बेलची बाग आहे. पुढं 127 साली बाबाथा आपल्या चार बागांची नोंद करायला रब्बथ-मोआब या शहरी गेली, त्या नोंदीत शेजारी आहे ती सम्राटाची मालमत्ता. राजा गेला, सीझर आला, बांध तिथंच.

ॲडव्होकेट_ताई_राजारामपुरी:
दस्तलेखक काकांनी छान सांगितलं. मी फॅमिली मॅटर्स चालवते त्यामुळं माझं लक्ष सरळ पोटगीच्या कागदांकडं गेलं, आणि मला वाटतं या सगळ्या दप्तराचा गाभा तिथंच आहे.

124 साली पेत्राच्या कौन्सिलनं तिच्या मुलाला, येशू नावाच्या, दोन पालनकर्ते दिले. एक ज्यू, एक नबातियन, योहानान आणि अब्दोब्दास. आई जिवंत असूनही मुलगा पोरका धरला कारण बाप नाही, आणि आई पालनकर्ती होऊ शकत नव्हती. मुलाचा पैसा या दोघांच्या हातात, ते महिन्याला 2 दिनार द्यायचे. रोजंदारीचा मजूर त्या काळी दिवसाला साधारण एक दिनार मिळवायचा, आता करा हिशोब. 125 मध्ये ती म्हणाली, तुम्ही शेकडा अर्धा दिनार दरमहा या दरानं मुलाला देताय, तोच पैसा माझ्याकडं द्या, मी माझ्या मालमत्तेचं तारण देते आणि शेकडा दीड दिनारानं देते. म्हणजे तिप्पट! लिहिता न येणारी बाई होती ही, कागदावर तसं स्पष्ट नमूद आहे की तिला अक्षरं येत नाहीत म्हणून दुसऱ्यानं लिहिलं, पण व्याजाचं गणित तिला पालनकर्त्यांपेक्षा चांगलं येत होतं. आणि अर्जात गव्हर्नर ज्युलियस ज्युलियानसची स्तुतीपण घातलीय, की तुमच्या या सुखाच्या काळात माझा मुलगा नीट वाढावा. हा भाग वाचताना मला आमच्या बार रूममधल्या कितीतरी पक्षकार बायका आठवल्या.

पंचगंगाकाठ, आता तुझ्या मुद्द्याकडं येते. गव्हर्नर एका जागी बसत नसे, प्रांतात फिरून दरबार भरवायचा, कधी पेत्रा कधी रब्बथ-मोआब. एका समन्समध्ये चक्क असं आहे की गव्हर्नर प्रांतात जिथं असतील तिथं हजर राहा. 2025 च्या ऑगस्टपर्यंत हायकोर्टासाठी मुंबईची वारी करणाऱ्या आपल्यासारख्यांना सर्किट बेंच म्हणजे काय असतं हे कुणी समजावून सांगायला नको, न्याय देणारा आपल्याजवळ आला की लोक त्याच्याकडंच जातात, त्याचा कायदा कुणाचा हे नंतर. आणि बाबाथा तयारीनं गेली होती. तिच्या दप्तरात एका रोमन दावा-मसुद्याच्या तीन प्रती आहेत, पालनकर्त्यानं पालकत्व नीट केलं नाही तर त्याच्यावर कसा दावा चालवायचा त्याचा नमुना, लॅटिनमधला साचा ग्रीकमध्ये उतरवलेला, कमाल रक्कम 2500 दिनार. वाळवंटाच्या कडेला खजूर पिकवणाऱ्या बाईच्या पिशवीत रोममधल्या न्यायाधीशांचा फॉर्म!

म्हणून माझं मत, हा रोमन कायदाच आहे. कोर्ट रोमन, फॉर्म रोमन, पालकत्वाची कल्पनापण रोमन.

रंकाळा_इतिहास:
ताई, पोटगीचं तुम्ही लई मनापासून लिहिलंय, पण "हा रोमन कायदाच" इथं मी थांबतो. बाबाथा रोमन नागरिक नव्हती. प्रांतातल्या जवळपास सगळ्या मोकळ्या माणसांना नागरिकत्व मिळालं ते 212 मध्ये, सम्राट कॅराकल्लाच्या फर्मानानं, म्हणजे हिच्यानंतर ऐंशी वर्षांनी. तोपर्यंत रोमचा खासगी कायदा, लग्न वारसा वगैरे, हिला मुळात लागू होत नव्हता. गव्हर्नरला मोकळीक होती, तो स्थानिक रीत मान्य करून निकाल देऊ शकत होता आणि बहुतेक वेळा तेच सोयीचं असायचं. लोकांना हे ठाऊक होतं म्हणून त्यांनी असे कागद केले जे त्याच्यापुढं टिकतील, बाहेरून ग्रीक-रोमन आणि आतला माल आपला.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण शेलमझिऑन, म्हणजे बाबाथाची सावत्र मुलगी. 5 एप्रिल 128 ला तिचं लग्न यहुदा किंबरशी. बापानं 200 दिनारांचे दागिने आणि कपडे दिले, नवऱ्यानं आपल्याकडून 300 घातले, एकूण 500 नवऱ्याच्या अंगावर देणं. बायकोला आणि होणाऱ्या मुलांना तो "ग्रीक रीतीनं" पोसणार असं लिहिलंय. आता नवऱ्यानं आपल्याकडची रक्कम वर घालायची ही पद्धत ज्यू केतुबाशी, म्हणजे त्यांच्या लग्नाच्या कराराशी, मिळतीजुळती आहे, म्हणून अभ्यासकांत आजही वाद आहे की हा ज्यू करार ग्रीक कपड्यात आहे की खरंच ग्रीक. पण याहून महत्त्वाचं काय झालं तर लग्नानंतर अकराव्या दिवशी बापानं मृत समुद्राच्या पश्चिम काठच्या एन-गेदी गावातली मालमत्ता तिला बक्षीसपत्रानं दिली, अर्धी लगेच आणि अर्धी आपल्या मरणानंतर. का? तर वारसात मुलीचा हक्क डळमळीत, दुसरा वारसदार उभा राहिला की गेला, आणि बक्षीसपत्राला तसा धोका नाही. कुणाच्या कायद्याच्या विरुद्ध न जाता मुलीला जमीन पोचवायची ही वाट होती. बाबाथाच्या बापानंही आपल्या बायकोला 120 साली असंच सगळं लिहून दिलं होतं. आणि धोका खोटा नव्हता, कारण 130 साली शेलमझिऑनचा बाप वारला तेव्हा त्याच्या भावाच्या पोरक्या मुलांचे पालनकर्ते हक्क सांगत उभे राहिलेच, शेवटी एन-गेदीतल्या एका अंगणावरचा तिचा हक्क त्यांना मान्य करायला लागला.

आणि मिरियम विसरू नका. बाबाथाच्या दुसऱ्या नवऱ्याची आणखी एक बायको. 131 मध्ये दोघी एकमेकींना गव्हर्नरपुढं बोलावतात, आणि मिरियमच्या उत्तरात "माझा आणि तुझा मयत नवरा" असे शब्द आहेत. रोमन नागरिकाला एका वेळी दोन बायका करता येत नव्हत्या. इथं रोमन गव्हर्नरच्या दप्तरी कागदात दोन विधवा शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि त्यावर कुणाचीच हरकत दिसत नाही.

पंचगंगाकाठ:
हे सगळं वाचून डोकं चक्रावलं खरं, पण मजा आली. एक राहिलं. रब्बी लोकांचं, म्हणजे ज्यू धर्मशास्त्र्यांचं, कोर्ट कुठं होतं मग? ज्यू लोकांनी आपल्या आपल्यात मिटवायचं असा नियम होता ना?

रंकाळा_इतिहास:
नियम पुढं ठळक झाला. मिश्ना हा रब्बींचा ग्रंथ साधारण सन 200 च्या सुमाराला एकत्र केला गेला, बाबाथाच्या बऱ्याच नंतर. तल्मुदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या नंतरच्या मोठ्या चर्चाग्रंथात, रब्बी तार्फोन यांच्या नावावर परक्यांच्या न्यायसभेत जाऊ नये असं मत आहे, पण त्याच मिश्नातल्या गिट्टीन भागात असंही आहे की परक्यांच्या दप्तरात झालेले दस्त वैध धरावेत, फक्त घटस्फोटाचे आणि गुलाम सोडण्याचे सोडून. म्हणजे लोक तिकडं जात होते हे त्यांनाही माहीत होतं आणि ते मान्य करणंच भाग होतं. बाबाथाच्या कागदांत रब्बींच्या न्यायसभेचा मागमूस नाही. ज्यू ओळख मात्र कुठं पुसलेली नाही, केतुबा अरामीतच आणि 400 झूझची (झूझ म्हणजे दिनारच).

दस्तलेखक_भवानी_मंडप:
मी बाईमाणसाच्या सहीबद्दल बोलतो, कारण ताईंनी रोमन कोर्टाचा फायदा सांगितला आणि तो खरा आहे, पण तोटापण लिहिला पाहिजे. नबातियन काळात बाबाथाच्या बापाला जिनं बाग विकली ती अबि-अदान नावाची बाई. दस्तात ती एकटी विक्रेती आहे, शेजारी कुणी पालक नाही. मग रोमन प्रांत झाला, दस्त ग्रीकमध्ये व्हायला लागले आणि बायकांच्या नावापुढं पालक पुरुष लिहायची पद्धत आली. 127 च्या त्या नोंदीत चारही बागा बाबाथाच्या नावावर, सीझरच्या नावानं शपथ तिची, पण पालक म्हणून तिचा दुसरा नवरा यहुदा (जावई यहुदा किंबर वेगळा) आणि अरामीत लिहिलं त्यानं. ज्यू कायद्यात सज्ञान बाईला असा पालक लागत नव्हता, नबातियन रीतीतही नव्हता. आणि गंमत नाही, वाईट वाटण्यासारखी गोष्ट आहे की तिच्या मालकीला कुणी हात लावला नाही, फक्त तिचं तोंड दुसऱ्याच्या तोंडानं उघडायला लागलं.

ॲडव्होकेट_ताई_राजारामपुरी:
काका, हे मी लिहायला पाहिजे होतं इतकं बरोबर आहे. आणि रंकाळा, नागरिकत्वाचा मुद्दा मान्य, पण म्हणून कोर्ट कमी रोमन होत नाही, तिनं तो फॉर्म कुणाकडून तरी पैसे देऊन उतरवून घेतला तो गव्हर्नर त्याच भाषेत ऐकेल म्हणूनच. मात्र निकाल काय लागला म्हणशील तर ऑगस्ट 132 ची एक पावती आहे, पोटगीची, तीन महिन्यांचे 6 दिनार. म्हणजे परत महिन्याला 2. आठ वर्षांत मुलगा वाढला, रक्कम वाढली नाही. त्यामुळं तिला न्याय "मिळाला" असं मी म्हणणार नाही, तिला दारापर्यंत जाता आलं एवढंच म्हणेन.

रंकाळा_इतिहास:
बरोबर. आणि पंचगंगाकाठ, तुझ्या पेपरसाठी एक जादा दिशा देतो. बाबाथा म्हणजे एखादीच धाडसी बाई आणि बाकीचे आपल्या आपल्यात मिटवत होते असं कुणी म्हणालं तर त्याच माहोझा गावातली सलोमे कोमाइसे बघ, तिचेही कागद त्याच भागातल्या गुहेतून आलेत. तिच्या आईनं तिला 129 मध्ये मालमत्ता बक्षीस दिली, ग्रीक दस्तानं. 131 चा तिचा लग्नाचा करारही ग्रीक, 96 दिनारांचा, आणि त्यात सरळ लिहिलंय की हे दोघं आधीपासून जसे एकत्र राहताहेत तसेच पुढं राहतील. म्हणजे संसार आधीच सुरू होता, गावाला मान्य होता, कागद नंतर केला, कारण पैशाचं देणं पक्कं करायचं होतं. लग्न कुठल्या कायद्यानं झालं आणि त्यातलं देणं कुठल्या कोर्टात वसूल होणार हे दोन वेगळे प्रश्न करून मांड, तुझी अडचण तिथंच सुटायला लागेल.