स्थलांतरितांच्या हक्कांसाठी धावून निधी उभारायचा आहे. बडोद्यातून काय करता येईल?

प्रश्न – दांडियाबाजार

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी नोकरीनिमित्त लंडनला असते आणि एप्रिलमधल्या लंडन मॅरेथॉनमध्ये ती स्थलांतरितांना कायदेशीर मदत करणाऱ्या एका संस्थेसाठी धावणार आहे. तिथे सेवाभावी संस्था स्पर्धेतल्या काही जागा विकत घेतात आणि त्या जागेवर धावणाऱ्याने एक ठरलेली रक्कम, बहुधा दोन हजार पौंडांच्या आसपास, ओळखीपाळखीच्या लोकांकडून जमवून संस्थेला द्यायची असते.

तिने हेच काम का निवडले ते तिच्याकडून समजून घेतले, तेव्हा मला त्याचे महत्त्व पटले. २०१२ साली झालेला एक कायदा एप्रिल २०१३ पासून लागू झाला आणि तेव्हापासून इंग्लंडमध्ये आश्रय मागणाऱ्यांची प्रकरणे वगळता स्थलांतराच्या बहुतेक कामांसाठी सरकारी खर्चाने वकील मिळेनासा झाला. मुलाच्या नागरिकत्वाची नोंदणी करायची तर केवळ शुल्कच हजार पौंड किंवा त्याहून अधिक आहे. १९७३ पूर्वी कॅरिबियन बेटांवरून रीतसर आलेल्या आणि उभे आयुष्य तिथे काढलेल्या माणसांना, हाताशी पुरावे नाहीत म्हणून नोकरी आणि औषधोपचार नाकारले गेल्याचे २०१८ मध्ये उघडकीस आले, ते अनेकांना आठवत असेल. अशा वेळी जाणकार वकील पाठीशी असणे किंवा नसणे यावर माणसाचे सगळे आयुष्य ठरते.

मी पन्नाशी ओलांडली आहे आणि दहा किलोमीटर नियमित धावते. तिच्या जोडीने आपणही काही करावे असे मनात आहे. येथील आप्तांना तिच्या संस्थेला देणगी देता येईल का? आणि आपल्याच शहरात बाहेरून येणाऱ्या मजुरांसाठी निधी जमवायचा असेल तर तो कसा जमवावा? दाहोद ते बडोदा हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. ते महिनाभरात रोज थोडे थोडे धावून पूर्ण करावे आणि त्यातून मजुरांच्या वाटेची जाणीव लोकांना करून द्यावी, अशी माझी कल्पना आहे.

उत्तर – जमाखर्च

ताई, पैशाची बाजू आधी नीट समजून घ्यावी, कारण चांगल्या हेतूने सुरू केलेली कामे बहुधा इथेच अडतात. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला परदेशातील संस्थेला देणगी पाठवता येते. रिझर्व्ह बँकेने परदेशी रक्कम पाठवण्याची जी वार्षिक मर्यादा घातली आहे, त्यात देणगीही मोजली जाते, आणि ती मर्यादा अडीच लाख डॉलरची असल्याने आपल्याला तिची चिंता नाही. मात्र अशा देणगीवर येथे आयकरात सवलत मिळत नाही, हे देणाऱ्यांना आधीच सांगावे.

उलट दिशेने येणाऱ्या पैशाबाबत अधिक सावध राहावे लागते. कन्येकडे भारतीय पारपत्र असेल, तर तिने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत येथील संस्थेला दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. परंतु तिच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी दिलेले पैसे ही परदेशी देणगीच असते, मग ते कोणाच्याही हातून येवोत. ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांचे पैसेही त्यातच येतात. २०१० च्या परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच ते घेता येतात, तेही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरलेल्या खात्यावर. म्हणून दोघींचे निधी पूर्णपणे वेगळे ठेवावेत, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

देणग्या स्वतःच्या खात्यावर घेऊ नयेत. देणाऱ्याने थेट संस्थेच्या खात्यावर भरणा करावा आणि पावती त्याच्याच नावे यावी. येथील संस्थेकडे देणगीवर आयकर वजावट मिळवून देणारी मान्यता (१९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ऐंशी-जी) असल्यास जुन्या करप्रणालीत वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती मिळत नाही, आणि दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला जुन्या प्रणालीतही मिळत नाही.

उत्तर – कडियानाका

मी काही वर्षे मजुरांच्या थकलेल्या मजुरीची प्रकरणे हाताळणाऱ्या गटाबरोबर काम करतो. आपला हेतू मनापासून आवडला, म्हणूनच एक हरकत मोकळेपणाने मांडतो. दाहोदचे अंतर धावण्यात प्रतीक म्हणून घेऊ नये. मार्च २०२० च्या टाळेबंदीत गुजरातमधल्या शहरांतून हजारो माणसे डोक्यावर बोचकी आणि कडेवर मुले घेऊन दाहोदकडे, झाबुआकडे, राजस्थानकडे खरोखरच पायी निघाली होती. धावणारा थकला की घरी परततो, आणि त्याच्या पायांत चांगले बूट असतात. हे दोन प्रवास शेजारी ठेवले की मजुराचा त्रास आपण अनुभवल्याचा आभास निर्माण होतो, आणि ऐकणाऱ्यांपैकी ज्यांनी तो प्रवास केला आहे त्यांना ते लागते. आपण आपले अंतर आपले म्हणूनच धावावे आणि लोकांशी बोलताना मजुराच्या कामाविषयी बोलावे.

बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पहाटे कोणत्याही कडियानाक्यावर, म्हणजे रोजंदारीचे मजूर जमतात त्या चौकात, जाऊन पाहा. थैलीत थापी, ओळंबा आणि भाकरीचा डबा घेऊन माणसे उभी असतात, मुकादम येतो, बोटाने चार जण निवडतो आणि टेम्पोत बसवतो. दोन महिन्यांनी मजुरी अडकली की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, काम कोणाचे होते? मजुराकडे मुकादमाचा मोबाइल क्रमांक असतो आणि हजेरीच्या खुणा केलेली एक चुरगळलेली वही असते. बांधकाम कोणाचे, कंत्राट कोणाचे, हे त्याला ठाऊक नसते. ते शोधून काढणे, अर्ज लिहिणे, तारखेला गावाहून येण्याचे भाडे आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी भरून देणे, हा खरा खर्च आहे. तो भरून निघाला नाही तर मजूर तिसऱ्या तारखेला येत नाही आणि मालक निश्चिंत होतो.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा केवळ राज्याची सीमा ओलांडून येणाऱ्यांसाठी होता. मध्य प्रदेशातील झाबुआहून कंत्राटदारामार्फत आलेला मजूर त्यात बसत असे, दाहोदहून आलेला बसत नसे, कारण दाहोद गुजरातेतच आहे. दोघे एकाच परातीत सिमेंट कालवत असले तरीही. बांधकाम मजुराची नोंदणी करायची तर मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि दर आठवड्याला मालक बदलणाऱ्याला तो कोण देणार? म्हणून निधी मागताना ‘मजुरांच्या मदतीसाठी’ असे मोघम लिहू नये. ‘मजुरीच्या दाव्यांसाठी आणि नोंदणीच्या कागदपत्रांसाठी’ असे लिहावे.

उत्तर – पहाटफेरी

धावण्यापुरते सांगतो. मुलीची स्पर्धा एप्रिलमध्ये असली तरी आपण एप्रिल निवडू नये. त्या महिन्यात बडोद्यात पारा चाळिशी गाठतो आणि पहाटेही हवेतला उकाडा जात नाही. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. महिनाभर रोज धावण्याचा संकल्प पन्नाशीनंतर गुडघ्यांना आणि पोटऱ्यांना झेपेलच असे नाही. आठवड्यातून चार दिवस धावावे, एक दिवस लांब अंतराचा ठेवावा आणि अंतर हळूहळू वाढवावे. संकल्प अर्ध्या मॅरेथॉनचा, म्हणजे एकवीस किलोमीटरचा करावा. देणाऱ्यालाही ‘पूर्वी दहा धावत होत्या, आता एकवीस धावणार’ हे चटकन समजते.

उत्तर – निवृत्त शिक्षिका

आपल्या मराठी मंडळींकडे निधी मागायला जाल तेव्हा कोणीतरी नक्की म्हणेल, की बाहेरून येणाऱ्यांमुळेच शहराची गर्दी वाढली. त्यांना नम्रपणे आठवण द्यावी, की बडोद्यातील बहुतेक मराठी घराणी गायकवाडांच्या पाठोपाठ चाकरीसाठीच इथे आली, आणि खुद्द सयाजीराव महाराज १८७५ मध्ये दत्तक आले ते नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून.

दुसरी आठवण अधिक बोचरी आहे आणि ती टाळू नये. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाला या शहरात राहायला जागा मिळाली नाही. नाव लपवून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले, तिथूनही त्यांना हाकलले गेले आणि त्यांनी कमाटीबागेत आसरा घेतला. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. आजही जात आणि गाव विचारूनच खोली भाड्याने दिली जाते, हे आपण सगळे जाणतो. आपल्या धावण्याच्या मार्गात कमाटीबाग यावी आणि मार्गाची माहिती देताना हा प्रसंग सांगावा, असे मला वाटते.

प्रश्नकर्तीचे उत्तर – दांडियाबाजार

सर्वांचे मनापासून आभार. दाहोदच्या अंतराची कल्पना मी सोडून दिली आहे. कडियानाका यांची हरकत मला पूर्णपणे पटली. फेब्रुवारीत अर्धी मॅरेथॉन धावण्याचे ठरवले असून मार्ग कमाटीबागेवरून आखते. मुलीचा निधी आणि माझा निधी वेगळा राहील, देणग्या थेट संस्थेकडे जातील. कडियानाका यांना एकच विनंती : एका दाव्यामागे भाड्याचा, झेरॉक्सचा आणि बुडालेल्या मजुरीचा मिळून साधारण किती खर्च येतो, ते आपल्या गटाच्या हिशेबातून कळवावे. देणगीच्या आवाहनात तो आकडा मला पहिल्याच ओळीत लिहायचा आहे.