ब्रियाँनं 1905 चा कायदा पातळ केला की वाचवला?

सांजवारा
फ्रान्सचा विषय निघाला की ‘तिकडं कसं एका फटक्यात चर्चला सरकारबाहेर काढलं’ असं हमखास ऐकायला मिळतं. एका फटक्यात काहीच झालं नाही. चर्च आणि शासन वेगळं करणारा 1905 चा तो कायदा संसदेतून पार नेणाऱ्या आरिस्तीद ब्रियाँबद्दल म्हणूनच लिहितोय.

जन्म 1862, नाँत. पेशानं वकील, विचारानं समाजवादी, सार्वत्रिक संपाचा प्रचारक. 1902 मध्ये पहिल्यांदा खासदार झाला आणि वर्षभरात 33 सदस्यांच्या समितीत चर्च व शासन वेगळं करण्याच्या विधेयकाचं काम त्याच्या हाती आलं. समितीचा अध्यक्ष फेर्दिनां ब्युइसाँ, पण विधेयक मांडायची आणि लढवायची जबाबदारी ब्रियाँची.

खरी कसोटी लागली कलम 4 वर. चर्चची मालमत्ता नव्या उपासना मंडळांकडे, म्हणजे चर्च चालवण्यासाठी भाविकांनी काढायच्या संस्थांकडे, जाणार होती. आता गावात दोन मंडळं उभी राहिली तर खरं कॅथलिक कोणतं? चार नाराज माणसं एखाद्या बंडखोर धर्मगुरूला हाताशी धरून चर्च बळकावू शकली असती, आणि चर्चच्या कित्येक कडव्या विरोधकांना नेमकं तेच हवं होतं. ब्रियाँनं त्या कलमात शब्द घालू दिले: मंडळानं आपल्या धर्माच्या सर्वसाधारण रचनेचे नियम पाळले पाहिजेत. पोपचं नावही न घेता बिशपची उतरंड मान्य झाली. ब्युइसाँ विरोधात गेला, कडवा चर्चविरोधी नेता क्लेमांसो तुटून पडला, समाजवादी पुढारी जाँ जोरेस मात्र ब्रियाँच्या पाठीशी राहिला. 3 जुलै 1905 ला कनिष्ठ सभागृहात 341 विरुद्ध 233 मतांनी विधेयक मंजूर झालं.

माझं म्हणणं एवढंच: सूड घ्यायचा नव्हता अशा माणसाच्या हाती हे काम गेलं, म्हणून ते टिकलं.

कातळ
अजिबात पटलं नाही. जड ओझं उचललं आधीचा पंतप्रधान एमिल कोंबनं. धार्मिक संघांना शिकवायला बंदी घालणारा 7 जुलै 1904 चा कायदा त्याच्या कारकिर्दीतला. जानेवारी 1905 मध्ये तो पायउतार झाला आणि तयार जमिनीवर ब्रियाँनं पीक घेतलं.

आणि पीक तरी कसलं? कलम 2 म्हणतं, प्रजासत्ताक कोणत्याही पंथाला मान्यता देणार नाही, पगार देणार नाही, अनुदान देणार नाही. त्याच कलमात शाळा, इस्पितळं, तुरुंग इथल्या धर्मगुरूंसाठी खर्चाची सवलत! पुढे 1908 मध्ये चर्चच्या इमारतींच्या दुरुस्तीवर सरकारी पैसा घालायलाही वाट करून दिली. वापरायचं पाद्र्यांनी, छप्पर शाकारायचं नगरपालिकेनं. याला वेगळं होणं म्हणतात?

वसईकर
मी कॅथलिक आहे, आणि मला कातळ यांच्या नेमकं उलट म्हणायचं आहे. ज्याला तुम्ही सवलत म्हणता ती घरातून बाहेर काढलेल्याला ओसरीवर झोपू देण्यासारखी होती. नेपोलियन आणि पोप यांच्यातला 1801 चा करार पोपला न विचारता एकतर्फी मोडला. बिशपांची निवासस्थानं आणि सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळा, गेल्या. वर चर्चच्या मालमत्तेच्या नोंदीसाठी सरकारी माणसं थेट वेदीपर्यंत आली. 6 मार्च 1906 रोजी बेल्जियमच्या सीमेजवळच्या बोशेप गावात या नोंदीच्या वेळी चर्चमध्येच एक माणूस गोळीनं ठार झाला. ब्रियाँला मवाळ म्हणताना तोही हिशेब धरा.

सांजवारा
वसईकर, बोशेपचा हिशेब धरूनच बोलतोय. त्या मृत्यूनं सरकार पडलं आणि पुढच्या मंत्रिमंडळात शिक्षण व पंथखातं ब्रियाँकडे आलं. (मध्यमवर्गीय सरकारात गेला म्हणून समाजवादी पक्षाचे दरवाजे त्याला बंद झाले, ती किंमत त्यानं मोजली.) गृहमंत्री झाला क्लेमांसो, आणि चर्चमधल्या मेणबत्तीदाण्या मोजण्यापायी माणसाचा जीव जाऊ नये म्हणून बळाची गरज पडेल तिथल्या नोंदी त्यानंच थांबवल्या.

कातळ, चर्चच्या जुन्या इमारती क्रांतीपासूनच सरकारी मालकीच्या होत्या. मालकानं छप्पर शाकारलं तर अनुदान कसं? आणि ऑगस्ट 1906 मध्ये पोप पायस दहाव्यानं उपासना मंडळं काढायलाच मनाई केली तेव्हा काय करायला हवं होतं? कायद्यावर बोट ठेवून गावोगावच्या चर्चना कुलपं घालता आली असती. ब्रियाँनं 2 जानेवारी 1907 चा कायदा आणला: मंडळ असो वा नसो, चर्च उपासनेसाठी खुलं राहील. सरकारनं कुलूप घालावं, म्हणजे लोक पेटतील, अशी आशा धरून बसलेल्यांच्या हातातलं हत्यारच गळालं.

रूळजोड
चर्चा चर्चपुरतीच का? माणसाची अख्खी कारकीर्द बघा. जुलै 1909 मध्ये ब्रियाँ पंतप्रधान झाला. ऑक्टोबर 1910 मध्ये रेल्वे कामगार संपावर गेले, तर सार्वत्रिक संपाच्या या जुन्या प्रचारकानं संपकऱ्यांनाच लष्करी सेवेत बोलावून घेतलं, म्हणजे कामावर न येणं हा लष्करी गुन्हा. संपाचे पुढारी तुरुंगात.

आणि आपल्या माणसांना सांगायलाच हवं: 8 जुलै 1910 ला मार्सेय बंदरात ‘मोरिया’ बोटीतून सावरकरांनी उडी मारली, फ्रेंच भूमीवर पाय ठेवला, आणि फ्रेंच शिपायानं त्यांना धरून इंग्रजांच्या हवाली केलं, तेव्हा पंतप्रधान हाच ब्रियाँ. बिशपांसाठी एवढा उदार माणूस आश्रय मागणाऱ्या राजकीय कैद्याच्या वेळी कुठे होता?

न्यायप्रिय
रूळजोड, ती चूक बंदरावरच्या शिपायाची होती. पॅरिसहून तसा आदेश गेला नव्हता. फ्रेंच सरकारनं नंतर सावरकरांना परत मागितलं, प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं. 24 फेब्रुवारी 1911 चा निवाडा सांगतो की अटक आणि ताबा देण्यात अनियमितता होती, पण म्हणून इंग्लंडवर कैदी परत करायचं बंधन येत नाही.

रूळजोड
मागितलं, पण कोणाच्या रेट्यानं? जोरेस आणि त्याच्या ‘ल्युमानिते’ या समाजवादी दैनिकानं आवाज उठवला म्हणून. 1904 मध्ये ते दैनिक निघालं तेव्हा ब्रियाँ स्वतः त्यात होता! लवाद बसेपर्यंत मुंबईत खटला उरकून जन्मठेप सुनावलीसुद्धा. इंग्लंडशी मैत्री जपायची म्हणून ब्रियाँच्या सरकारनं हे प्रकरण जेवढ्यास तेवढं लढवलं, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि निवाड्यातल्या कलमांनी ते बदलणार नाही.

कातळ
मलाही आणखी एक जागा दाखवायची आहे: अल्जीरिया. 1905 चा कायदा तिथं लावायचा हुकूम सप्टेंबर 1907 मध्ये निघाला, पंथखातं ब्रियाँकडेच असताना. पण त्यातच अपवाद ठेवला, सरकार इमामांना भत्ता देत राहील. आधी दहा वर्षांची मुदत, मग वाढवत वाढवत नेली. मशिदीत कोण काय बोलतं यावर वसाहत सरकारला ताबा हवा होता, म्हणून पॅरिसला एक तत्त्व आणि अल्जीअर्सला दुसरं. बिशपांच्या रचनेचा मान राखणाऱ्या कलम 4 ची आठवण तिथं कोणालाच झाली नाही.

सांजवारा
अल्जीरियाचा मुद्दा मान्य. त्याचं समर्थन करताच येत नाही, करणारही नाही. सावरकर प्रकरणातही ब्रियाँच्या बाजूनं बोलायला मला काही सापडत नाही.

पण कलम 4 चं पुढं काय झालं तेही पाहा. 1921 मध्ये ब्रियाँच्याच पंतप्रधानकीत व्हॅटिकनशी राजनैतिक संबंध पुन्हा जुळले. 1924 मध्ये पायस अकराव्यानं बिशपच्या अध्यक्षतेखालच्या मंडळांना संमती दिली, आणि आधीच्या पोपनं धुडकावलेल्या चौकटीत चर्च आपल्या पायानं आलं. तेही कलम 4 न बदलता.

वसईकर
बिशपच्या अध्यक्षतेची हमी मिळाल्यावर आलं, सांजवारा. ती हमी 1905 मध्ये स्पष्ट शब्दांत लिहिली असती तर मधली 18 वर्षं वाचली असती.

कातळ
स्पष्ट लिहिली असती तर 341 मतं पडली नसती, एवढं मात्र मी सांजवारांच्या बाजूनं म्हणेन. बाकी माझा आक्षेप कायम. 1905 मध्ये जर्मनीकडे असलेले आल्सास आणि मोझेल हे प्रदेश 1918 ला फ्रान्समध्ये परत आले, तिथं आजही 1801 चा करार चालू आहे आणि धर्मगुरूंचा पगार सरकारी तिजोरीतून जातो. ब्रियाँ त्यानंतर कितीतरी वेळा पंतप्रधान झाला. त्यानं तिथं हात का घातला नाही, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.