थाई एअरवेजचे कर्ज, खुल्या झालेल्या सीमा आणि अजिंठ्याचा येता हंगाम

खडकीकर, औरंगाबाद (जुलै २०२२)

नमस्कार. आमचा पर्यटकांना गाड्या पुरवण्याचा व्यवसाय आहे. करोनापूर्वी थायलंड, जपान आणि श्रीलंकेहून हिवाळ्यात येणाऱ्या बौद्ध यात्रेकरूंवर आमचे बरेचसे वर्ष निघत असे. आपल्याकडे २७ मार्चपासून नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे सुरू झाली आणि १ जुलैपासून थायलंडने ‘थायलंड पास’ची अटही काढली, तेव्हा मुंबईच्या एका सहल कंपनीने हिवाळ्यासाठी गाड्या राखून ठेवाल का, अशी विचारणा केली आहे. परंतु थाई एअरवेज दिवाळखोरी न्यायालयाच्या देखरेखीखाली आहे, असे वाचनात आले. आणि त्याच कंपनीने २०२१ मध्ये सुमारे ५,५०० कोटी बाहत (थायलंडचे चलन) नफा दाखवला, असेही वाचले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात? या भरवशावर कर्ज काढून आणखी एक गाडी घ्यावी का?

लेखापाल, जालना

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या नफ्याच्या आकड्यावर आपण गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२० मध्ये या कंपनीला १४,१०० कोटी बाहतच्या आसपास तोटा झाला. त्याच वर्षी मे महिन्यात थायलंडच्या सरकारने आपला हिस्सा निम्म्याखाली आणला, सप्टेंबरमध्ये न्यायालयाने पुनर्वसनाचा अर्ज मंजूर केला आणि जून २०२१ मध्ये धनकोंनी स्वीकारलेल्या आराखड्यावर शिक्कामोर्तब केले. त्या वर्षीचा नफा तिकिटे विकून झालेला नाही. कर्जाची फेररचना झाली, मालमत्ता आणि इतर कंपन्यांमधील समभाग विकले गेले, त्यातून तो ताळेबंदात आला. नोकरवर्ग जवळपास निम्म्यावर आणला गेला. विमाने जमिनीवर उभी होती त्या काळात या कंपनीने बँकॉकमध्ये ‘पाथोंगको’ ही तळलेली न्याहारी विकली आणि लोक त्यासाठी रांगा लावत होते, यावरून रोख पैशाची किती चणचण होती ते कळावे.

तरीही आपल्याकडे बंद पडलेल्या जेट एअरवेज या विमान कंपनीची गोष्ट वेगळी होती. जेटची उड्डाणे एप्रिल २०१९ मध्ये थांबली आणि त्यानंतर प्रकरण न्यायाधिकरणात गेले. कर्जाचा निवाडा व्हायच्या आत वैमानिक, विमाने आणि विमानतळांवर उतरण्या-उडण्याच्या राखीव वेळा हातच्या गेल्या होत्या. थाई एअरवेजने मालवाहतूक आणि मोजकी उड्डाणे चालू ठेवून फेररचना केली, म्हणून ती येत्या हिवाळ्यात एकाएकी बंद पडेल अशी भीती मला वाटत नाही. भीती आहे ती जागांची. ताफा लहान झाला आहे, आणि दिल्लीत विमान इंधन जूनमध्ये किलोलिटरला १ लाख ४१ हजार रुपयांवर गेले आहे. सीमा खुल्या झाल्या तरी विमानात जागा कमी आणि तिकीट महाग, अशी स्थिती काही काळ राहणार आणि त्याचा पहिला फटका मोठ्या गटांच्या स्वस्त सहलींना बसणार.

वाटाड्या, फर्दापूर

जालन्याच्या दादांनी विमानाची बाजू नीट मांडली आहे. मी लेण्यांच्या पायथ्याची बाजू सांगतो. थायलंडचे यात्रेकरू मुख्यतः बोधगया, सारनाथ, कुशीनगर या यात्रेसाठी येतात आणि अजिंठा त्या यात्रेला पुढे जोडला जातो. तिकीट महागले की सहल कंपनी सर्वांत आधी हीच जोड काटते. जपानी पाहुण्यांची अडचण निराळी आहे. त्यांना मायदेशी परतताना निघण्यापूर्वी ७२ तासांच्या आत करोनाची चाचणी करावी लागते आणि तीत बाधा निघाली तर परदेशातच अडकून पडावे लागते; साठीच्या पुढचा माणूस हा धोका सहसा पत्करत नाही. ही अट निघेपर्यंत जपानी गटांवर विसंबू नये.

दोन वर्षांत पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर उभे राहून जपानी भाषेत माहिती देणारे आमचे काही सोबती शेतीकडे आणि दुकानदारीकडे वळले. डोलीवाले आणि स्फटिकाचे दगड विकणारे परत आले आहेत, मात्र सध्या त्यांचे पोट देशी पर्यटकांवर चालते. ताफा आणि चाचण्या आपल्या हातात नाहीत. भाषा जाणणारी माणसे टिकवणे मात्र आहे, आणि शक्य असेल तर आपण गाडीपेक्षा त्यांना थोडी उचल द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सहल कंपनीला हेही कळवावे की अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, आणि फुलंब्री-सिल्लोड रस्त्याचे काम पाहता अजिंठ्यासाठी पूर्ण दिवस हवा.

खडकीकर

दोघांचेही मनापासून आभार. नवी गाडी घेणार नाही. बँकॉकहून येणाऱ्या गटांची तिकिटे निघाल्याचा पुरावा आणि निम्मी रक्कम आगाऊ मिळाली तरच आहेत त्या गाड्या राखून ठेवू, असे मुंबईला आज कळवले. वाटाड्यादादा, जपानी जाणणाऱ्या सोबत्यांचे म्हणणे मला कळवावे. उचलीबद्दल फर्दापूरला येऊन त्यांच्याशी समक्ष बोलेन.