मदत हवी आहे : एकाच शेळीच्या पाठीवरच्या आणि पोटावरच्या केसांचे ठसे जुळत नाहीत

नमस्कार. मी नाशिकमध्ये प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. निफाड-सिन्नरकडे उसात बिबट्यांचा वावर असतो आणि त्यांनी काय खाल्ले हे विष्ठेतल्या न पचलेल्या केसांवरून ओळखता येते. त्या ओळखीसाठी पडताळून पाहायला लागतो तसा पाळीव जनावरांच्या केसांचा छोटा संच मी प्रकल्प म्हणून करतो आहे. (विष्ठा मी गोळा करत नाही, त्याला वनखात्याची परवानगी लागते.)

केस साबणाच्या पाण्याने आणि मग अल्कोहोलने धुऊन वाळवतो, काचपट्टीवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर देतो, तो चिकट असतानाच केस त्यावर दाबतो आणि सुकल्यावर उचलून काढतो. मागे केसाच्या पृष्ठभागावरच्या बारीक खवल्यांचा ठसा राहतो, आणि त्यावरूनच जनावर ओळखायचे असते. आधी निम्मे ठसे फुकट जात होते, कारण मार्चमधल्या कोरड्या हवेत पंख्याखाली पॉलिशवर लगेच साय धरायची. पंखा बंद ठेवल्यापासून ते बरे येतात.

घोळ वेगळाच आहे. केसावरचे खवले मुकुटासारखे, पाकळीसारखे किंवा कौलांसारखे असतात, असे आम्हाला शिकवले गेले. वटवाघूळ पहिल्याचे उदाहरण, मांजर दुसऱ्याचे, माणूस तिसऱ्याचे. प्रत्यक्षात शेळीच्या पाठीवरच्या एकाच राठ केसावर मुळाशी खवले विरळ दिसतात, तर शेंड्याकडे दाट आणि नागमोडी कडांचे. त्याच जागच्या आतल्या मऊ लोकरीत एकेक खवला अख्ख्या केसाला वेढून बसलेला असतो. पोटावरचा केस या दोन्हींशी जुळत नाही, आणि शेपटीच्या टोकाचे खवले तर घासून जवळपास सपाट झाले आहेत. घरच्या मांजराच्या केसावरही मुळाकडे टोकदार पाकळ्या स्पष्ट दिसतात, पण शेंड्याकडे त्यांचा मागमूस उरत नाही.

मार्गदर्शक सर म्हणतात की पाठीच्या मध्यावरचे राठ केसच घ्यावेत, म्हणजे तुलना एकसारखी राहते. ते पटते, पण बिबट्या काही पाठ तेवढीच खाऊन थांबत नाही, आणि विष्ठेतला तुटका केस अंगाच्या कोणत्या भागाचा हे सांगायला कोणी नसते. तुटक्या केसाचा शेंडा कोणता हे मात्र चिमटीत सरकवून कळते, कारण खवल्यांच्या कडा शेंड्याकडे वळलेल्या असल्याने उलट दिशेने तो किंचित अडखळतो.

ज्यांनी हे काम हाताने केले आहे त्यांनी कृपया सांगावे की एका जनावराच्या अंगावरच्या किती जागा पुरेशा धराव्यात, ठसा केसाच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावरचा नोंदवावा आणि लोकरीसाठी वेगळा तक्ता ठेवावा का. शिवाय केसाच्या गाभ्यात हवा असल्याने तो सूक्ष्मदर्शकाखाली नुसता काळा दिसतो. केस मध्ये कापून झायलीन या द्रावकात ठेवला तर हवा निघते का, की त्यासाठी आणखी काही करावे लागते?