मालवण-तारकर्लीला लहान मुलांना घेऊन जायचंय, सुचवा

डिसेंबरात चार दिवस जायचा प्लॅन आहे, सोबत ५ आणि ९ वर्षांची पोरं आणि सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. मुलांना पाण्यात खेळायचंय पण झेपेल असंच हवं. गाडी नाहीये, ट्रेनने येऊ. राहायचं मालवणात की तारकर्लीत?

किनारेवाला: कुडाळला उतरा, तिथून मालवण साधारण ३० किमी, रिक्षावाल्याशी आधीच ठरवून घ्या नाहीतर चार बॅगा बघून भाव वाढतो. राहा तारकर्लीत, पोरं उठल्या उठल्या वाळूत. ५ वर्षांच्याला स्कूबा वगैरे नको हं, देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथली बोट फेरी करा. लाईफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघा, आमच्या लेकीला मोठ्यांचंच चढवलेलं, कानापर्यंत आलं होतं!

गडप्रेमी_७: सिंधुदुर्ग सोडू नका. महाराजांनी १६६४ ला काम सुरू केलं, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, माझा मुलगा तिथून हलेचना. पण बोटीतून चढउतर करताना सासूबाईंना हात द्यावा लागेल, आणि सकाळीच जा, वर ऊन फार.

किनारेवाला: +१. सासूबाईंना संध्याकाळी रॉक गार्डनला बसवा, सूर्यास्त छान दिसतो.

प्रश्नकर्ती: थँक्यू! सासूबाई म्हणतायत गुडघ्याचं बघू, आधी सोलकढी कुठे चांगली मिळते ते विचार 😄